सव्वा मीटरचा दावा

पाल्मिरा स्पेदिकातो वकील झाली ती अठराव्या वर्षी, ऑगस्टमधल्या एका दुपारी, गावच्या वाचनालयातल्या संगणकासमोर. निदान गावाने तरी तसंच धरलं. विद्यापीठाचा प्रवेशअर्ज भरताना तिचा बाप ओरोंत्सो खुर्चीमागे उभा होता आणि चष्मा घरी राहिल्यामुळे पडद्यावर काय आहे याचा त्याला पत्ता नव्हता. "कायदा," तो म्हणाला. "नीट बघून दाब." तिने नीट बघून दाबलं. कायद्याच्या सहा ओळी खाली 'अभिजात साहित्य: ग्रीक आणि लॅटिन' अशी एक ओळ होती, तिच्यावर.

असं का केलं, हे तिने स्वतःला पुढे खूपदा विचारलं. शाळेत पाच वर्षं या दोन भाषा झाल्या होत्या आणि तिला त्या मनापासून आवडल्या होत्या, हे एक कारण. पण खरं कारण त्या भाषा नव्हत्या, कायदाच होता. ती चार वर्षांची असल्यापासून कायदा रोज त्यांच्या घरी जेवायला बसत होता.

ओरोंत्सोच्या आणि शेजारच्या क्विंतिनो मार्तीच्या ऑलिव्हच्या बागांमध्ये एक गडगा होता, नुसते दगड रचून केलेला. एका हिवाळ्यात तो ढासळला. क्विंतिनोने तो पुन्हा रचला आणि रचताना, ओरोंत्सोच्या म्हणण्याप्रमाणे, सव्वा मीटर अलीकडे सरकवला. त्या सव्वा मीटरात तीनशे वर्षांचं एक झाड पलीकडे गेलं. ओरोंत्सोने दावा ठोकला. त्यानंतर एक न्यायाधीश निवृत्त झाला, दुसरी बाळंतपणाच्या रजेवर गेली, मोजणीदार आला, त्याची मोजणी चुकली म्हणून दुसरा आला आणि त्याची बरोबर आली म्हणून क्विंतिनोने तिसरा मागवला. मध्यंतरी त्या भागात ऑलिव्हवर रोग पडला आणि ते झाड उभ्याउभ्या वाळून गेलं. दावा मात्र हिरवागार राहिला.

"परक्या वकिलाला माझं झाड काय नि त्याचं झाड काय, सारखंच," ओरोंत्सो म्हणायचा. "घरचं माणूस उभं राहायला हवं." घरचं माणूस म्हणजे पाल्मिरा. तिची आई लवकर गेली होती आणि दुसरं मूल नव्हतं. तिला वाढवलं कोसिमाआत्याने, पण आत्या साठीची होती आणि कोर्टात उभं राहण्याऐवजी तिने क्विंतिनोला गाठून एक ठेवून दिली असती.

नाताळात सांगून टाकू, असं पाल्मिराने ठरवलं होतं. नाताळात बाप इतका खुशीत होता की तिला धीर झाला नाही. ईस्टरला तो इतका चिडलेला होता, कारण पुढची तारीख पडली होती, की तेव्हाही झाला नाही. उन्हाळ्यात गावातल्या लोकांनी तिला सल्ले विचारायला सुरुवात केली आणि मग सांगायची वेळ निघून गेली ती गेलीच. खोटं बोलण्याचा त्रास हा, की ते एकदाच बोलावं लागतं आणि मग रोज सांभाळावं लागतं. सांभाळण्याचा पाल्मिराला कंटाळा होता, पण बापाच्या चेहऱ्याची भीती त्याहून मोठी होती.

लोक रविवारी येत, चर्चमधून परस्पर. कुणाच्या भाडेकरूने घर सोडलं नव्हतं, कुणाच्या भावाने मृत्युपत्र दडवलं होतं. पोम्पीलिओकाकाच्या छताची पन्हळ शेजारणीच्या अंगणात गळत होती. पाल्मिराला कायद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून ती सगळ्यांना एकच सांगायची: कोर्टात जाऊ नका, मिटवून टाका. वर एखादी लॅटिन ओळ घालायची, आदल्या रात्री पाठ केलेली, बहुतेक वेळा मेंढपाळांबद्दलची. लॅटिन ऐकलं की लोक गंभीर होत आणि घरी जाऊन मिटवून टाकत. दोन वर्षांत गावातली चार भांडणं मिटली आणि शिकत असतानाच जी एवढी करते ती पुढे काय करील, असं लोक बोलू लागले. तिच्या सल्ल्याचा ज्याच्यावर काडीचाही परिणाम झाला नाही असा गावात एकच माणूस होता. तो तिच्याच घरात राहत होता.

तिचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा होता. कायद्याचा पाच वर्षांचा असतो आणि ही दोन वर्षांची तफावत कशी भरून काढायची याची तिला पहिल्या वर्षी फार चिंता होती. ती चिंता ग्रीकच्या त्रामोंतीबाईंनी मिटवली. बाई तोंडी परीक्षा घेत, सगळ्यांच्या देखत, भरल्या वर्गात. समोर पुस्तक उघडून एका ओळीवर बोट ठेवत आणि गप्प बसत. त्यांचं गप्प बसणं इतकं स्वच्छ होतं, की आपल्याला काय येत नाही ते विद्यार्थ्याला स्वतःलाच ऐकू येई. पाल्मिराला त्यांनी चार वेळा "पुन्हा या, स्पेदिकातो" म्हणून परत पाठवलं. ती पुन्हा गेली. पाचव्या खेपेला तीसपैकी सत्तावीस मिळाले आणि तोवर पाच वर्षं अगदी रीतसर पूर्ण झाली होती. नापास होऊन इतकी वेळेवर पोचलेली मुलगी त्या विद्यापीठात दुसरी नसेल.

प्रबंधाचा विषय तिने स्वतः निवडला. एका ग्रीक शेतकऱ्याने कोर्टात केलेलं भाषण होतं ते, फारसं कुणी न वाचलेलं. शेजाऱ्याने बांधावरची भिंत हलवली आणि माझी झाडं आत घेतली, अशी त्याची तक्रार. जगात एवढं ग्रीक साहित्य पडलेलं असताना हेच का, असं त्रामोंतीबाईंनी विचारलं नाही. त्या तिच्याकडे चष्म्यावरून थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, की माणसाने आपल्याला ठाऊक असलेल्या विषयावर लिहिलेलं बरं.

पदवीचा दिवस जुलैत आला. गावाहून तीन मोटारी आणि एक मिनीबस निघाली. मिनीबस फुटबॉल संघाची होती. सगळी मिळून एकवीस माणसं, सगळी इस्त्रीची. ओरोंत्सोने बहिणीच्या लग्नातला कोट काढला होता आणि बटण लागत नव्हतं तरी लावलं होतं. त्याच्या काखेत एक फुगलेली फाइल होती, दोरीने बांधलेली. दाव्याची एकोणीस वर्षं त्या फाइलमध्ये होती. ती त्याने कशासाठी आणली, हे पाल्मिराला विचारावं लागलं नाही. 

विद्यापीठाच्या ओवरीत तिने त्याला बाजूला घेतलं. "बाबा, आत जायच्या आधी मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय."

"आधी आत सांग, त्या लोकांना," ओरोंत्सो म्हणाला. "मी काय, घरचाच आहे. मला मोटारीत सांग."

"आत्ताच सांगायला हवं."

"पाल्मिरा, मी एकोणीस वर्षं थांबलोय. तू अर्धा तास थांब."

तेवढ्यात कोसिमाआत्या आली. तिच्या हातात पदवीधराच्या डोक्यावर घालायचा तमालपत्राचा मुकुट होता आणि त्याला रुंद, झगझगीत निळी रिबीन होती. प्रत्येक विद्याशाखेची रिबीन वेगळ्या रंगाची असते आणि निळी कायद्याची. आत्याने फूलवाल्याला दोनदा बजावून ती लावून घेतली होती. ओवरीत त्या दिवशी आणखी सात मुकुट होते, सगळे पांढऱ्या रिबिनीचे. आत्याने ते एकेक करून निरखले आणि तिला त्या आईबापांची कीव आली.

"निळी मिळाली नाही वाटतं बिचाऱ्यांना," ती ओरोंत्सोच्या कानात म्हणाली. "मी तुला सांगत होते, आठवडाभर आधी सांगून ठेवायला लागतं."

सभागृहात शिरल्यावर मात्र पाल्मिराला कळलं, की आता सांगायची गरजही नाही आणि सोयही नाही. उंच चौथऱ्यावर पाच प्राध्यापक काळे झगे घालून बसले होते, मधे अध्यक्ष, त्यांच्यापुढे घंटा. वकील आणि न्यायाधीश घालतात तसलेच झगे. ओरोंत्सोने ते पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. कोर्टाच्या व्हरांड्यात त्याची निम्मी हयात गेली होती. अशी माणसं त्याला ओळखीची होती. तो पहिल्या रांगेत बसला, फाइल मांडीवर घेतली आणि दोरीची गाठ सैल केली.

पाल्मिरा उभी राहिली. तोंड उघडल्यावर शब्द आपसूक आले, कारण ही हकिकत तिला पाचव्या वर्षापासून पाठ होती. एक शेतकरी आहे, ती म्हणाली. त्याच्या वडिलांची बाग आहे. शेजाऱ्याची भिंत पडते आणि तो ती पुन्हा बांधताना अलीकडे घेतो. शेतकरी बोलायला जातो तर शेजारी म्हणतो, भिंत होती तिथेच आहे, तुझी बाग आकसली असेल.

"अगदी हेच म्हणाला होता तो," ओरोंत्सो मोठ्याने म्हणाला.

मागच्या रांगांमधून संमतीची कुजबूज झाली. पोम्पीलिओकाका मान हलवू लागला. पाल्मिरा पुढे ग्रीक वाचू लागली तेव्हा गावकरी आणखी सावरून बसले. इतकं न कळणारं काही आपल्या बाजूने बोललं जातंय याचा त्यांना अभिमान वाटला. साक्षीदार कसे फिरले, म्हाताऱ्या कुळांना कसं विचारलं गेलं नाही, हे ती सांगत गेली आणि ओरोंत्सो फाइलमधला एकेक कागद काढून पडताळत गेला. सगळं जुळत होतं. ती थांबली तेव्हा तो उभा राहिला.

"निकाल काय लागला?" त्याने विचारलं.

अध्यक्षांनी घंटेकडे हात नेला. त्रामोंतीबाईंनी त्यांना थांबवलं. "विचारू द्या त्यांना," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी शिकवतेय, हा प्रश्न एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही." मग ओरोंत्सोकडे वळून त्यांनी सांगितलं, की निकाल काही आपल्यापर्यंत पोचलेला नाही.

"किती वर्षं झाली?"

"तेवीसशेच्या वर."

सभागृहात हशा पिकला. ओरोंत्सो हसला नाही. त्याला त्यात न होण्यासारखं काही दिसलं नाही.

"आणि भिंत?"

"भिंत नाही. ते शेत नक्की कुठे होतं, तेही सांगता येत नाही."

ओरोंत्सोने जरा विचार केला. "बरं. पण माणूस तर होता. त्याचं नाव काय?"

बाईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी पाल्मिराकडे बघितलं आणि परीक्षेत ज्या तऱ्हेने गप्प बसत तशा गप्प बसल्या.

"त्याचं नाव माहीत नाही, बाबा," पाल्मिरा म्हणाली. "तो 'मी' म्हणतो, नाव कुठेच घेत नाही. ज्याच्यावर तक्रार आहे त्याचं नाव सतरा वेळा घेतो. म्हणून तेवढंच उरलं."

"शेजाऱ्याचं?"

"शेजाऱ्याचं."

ओरोंत्सो खाली बसला. बराच वेळ तो मांडीवरच्या फाइलकडे बघत होता. वरच्या कागदावर क्विंतिनो मार्तीचं नाव ठळक अक्षरात होतं, त्याच्या खाली पुन्हा होतं आणि त्याच्या खालच्या परिच्छेदात चार वेळा होतं.

थोड्या वेळाने अध्यक्ष उभे राहिले, बाकीचेही उभे राहिले आणि अध्यक्षांनी पाल्मिरा स्पेदिकातो हिला एकशे दहापैकी शहाण्णव गुणांनी अभिजात साहित्याची पदवी जाहीर केली. खणखणीत आवाजात, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं. पांढऱ्या रिबिनीच्या आईबापांनी टाळ्या वाजवल्या. स्पेदिकातोंच्या एकवीस माणसांनी वाजवल्या नाहीत. ती एकमेकांकडे बघत राहिली.

बाहेर अंगणात ऊन तापलं होतं. पदवीच्या आनंदात वाटायची, साखरेत घोळवलेल्या लाल बदामांची परडी आत्याच्या हातात तशीच होती. कुणी मूठ भरली नाही. पाल्मिराला वाटलं, बापाने आता ओरडावं, म्हणजे बरं होईल. तो ओरडला नाही.

"म्हणजे तू वकील नाहीस," ओरोंत्सो म्हणाला.

"नाही."

"कोर्टात उभी राहू शकत नाहीस."

"नाही, बाबा."

"मग पाच वर्षं केलंस काय?"

"हाच दावा वाचला," पाल्मिरा म्हणाली आणि तिला रडू आलं. पाच वर्षं दाबून ठेवलेलं ते सगळं एकदम आलं. तिला लाज वाटत होती, आणि खरं बोलायला मिळालं म्हणून हलकंही वाटत होतं, आणि हलकं वाटतंय याची पुन्हा लाज वाटत होती.

कोसिमाआत्या पुढे आली. तिने मुकुट उलटसुलट करून पाहिला. "मग तुमची कुठली गं? पांढरी?" पाल्मिराने मान हलवली. आत्याने निळी रिबीन सोडली, नीट गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि नुसता मुकुट भाचीच्या डोक्यावर दाबून बसवला. "शहाण्णव काही वाईट नाहीत," ती आजूबाजूच्यांना म्हणाली, अशा आवाजात की कुणी वाद घालू नये.

गावापर्यंतचे चाळीस किलोमीटर ओरोंत्सो मोटारीत फाइल मांडीवर धरून बसला. जेवण तर ठरलेलंच होतं. अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली टेबलं लावून झाली होती आणि कापलेलं कोकरू काही परत जोडता येत नाही, असं म्हणून आत्याने सगळ्यांना बसवलं. पहिली पाच मिनिटं लोक दबून जेवले. मग वाइन फिरली. पोम्पीलिओकाका खुर्ची ओढून पाल्मिराजवळ आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, की शेजारीण आता पुन्हा पन्हळीवरून कुरकुर करतेय, तेव्हा काय करावं.

"काका, मी वकील नाही. ऐकलंत ना सकाळी?"

"ऐकलं, ऐकलं. म्हणून तर विचारतोय. वकिलाला विचारलं असतं तर तो केस कर म्हणाला असता."

पाल्मिराने त्याला मिटवून टाका म्हणून सांगितलं. लॅटिन ओळ या खेपेला घातली नाही. काकाने तरीही समाधानाने मान हलवली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ओरोंत्सो ताटाला हात न लावता बसला होता. समोर फाइल. तो कागद उलटत होता आणि ओठ हलवत होता. तो काय मोजतोय हे पाल्मिराला लगेच कळलं. नावं मोजत होता. मोजता मोजता कुठेतरी संख्या हाताबाहेर गेली असावी, कारण त्याने फाइल मिटली आणि तिला हाक मारली.

"इकडे ये. कागद आण, पेन आण."

ती गेली. 

"त्या माणसाला भाषण कुणी लिहून दिलं होतं?" त्याने विचारलं.

"लिहून देणारे असायचे. शिकलेले."

"मग मलाही लिहून दे. तू शिकलेली आहेस. कोर्टासाठी नको, कोर्टाला हवं ते वकील लिहितातच. माझ्यासाठी. त्यात माझं नाव घाल आणि त्या चोराचं एकदाही येता कामा नये. तेवीसशे वर्षांनी कुणी वाचलं, तर ओरोंत्सो स्पेदिकातो कोण होता ते त्याला कळलं पाहिजे." तो घसा खाकरून सरळ बसला. "लिही. मी, ओरोंत्सो स्पेदिकातो."

पाल्मिराने लिहिलं.

"माझी ऑलिव्हची बाग आहे. तिच्या पूर्वेला..." तो थांबला. पूर्वेला क्विंतिनो होता. "ते खोडून टाक. असं लिही, की मी गेली एकोणीस वर्षं..." पुन्हा थांबला. त्याने कपाळ चोळलं. बायको गेली त्या वर्षाकडे त्याने वळून पाहिलं, पण त्या वर्षी पहिली मोजणी झाली होती आणि स्मशानातून तो परस्पर तिकडे गेला होता. कोसिमाचं ऑपरेशन झालं त्या दिवशी तारीख होती. जिथे जिथे त्याने हात घातला तिथे तिथे तो सव्वा मीटर होता आणि सव्वा मीटराच्या पलीकडे क्विंतिनो मार्ती टोपी घालून उभा होता. पाल्मिरा पेन धरून वाट बघत राहिली. आपल्या बापाची तिला इतकी दया पूर्वी कधी आली नव्हती. त्याला मदत करावी असं फार वाटलं, पण यात घालता येण्यासारखी एकही ओळ तिला सुचेना.

कोकरू निवत चाललं होतं. 

"लिही," ओरोंत्सो अखेर म्हणाला. "मला एक मुलगी आहे."

तिने लिहिलं.

"ती वकील नाही."

"हेही लिहू?"

"लिही," तो म्हणाला. "तेवढंच एक आहे, ज्यात तो नाही."